ठिणगीचे कारागीर : रॉबर्ट बॉश

जर्मनीच्या दक्षिण भागात डॅन्यूब नदीच्या काठी उल्म नावाचे एक प्राचीन शहर आहे. त्या शहराजवळ आल्बेक नावाचे एक लहानसे खेडे आहे. या खेड्यात २३ सप्टेंबर १८६१ रोजी रॉबर्ट बॉश यांचा जन्म झाला. त्यांचे वडील सेर्व्हाटियस बॉश हे सधन शेतकरी होते. शेतीच्या जोडीला ते वाटसरूंसाठी एक खाणावळही चालवीत. बारा भावंडांत रॉबर्टचा क्रमांक अकरावा होता. घर माणसांनी भरलेले होते. पण वडिलांना वाचनाची आवड असल्यामुळे त्या घरात पुस्तकांना मान होता. आपल्या मुलांनी चांगले शिकावे, स्वतंत्र बुद्धीने विचार करावा आणि कोणावरही अन्याय करू नये, अशी त्यांची शिकवण होती.

रॉबर्ट आठ वर्षांचा असताना हे कुटुंब उल्म शहरात राहावयास आले. तेथील शाळेत त्याचे शिक्षण झाले. शाळेत तो फारसा चमकला नाही. त्याचे मन प्राणी आणि वनस्पती यांच्या निरीक्षणात रमे. शाळा संपल्यावर पुढे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा वडिलांनी त्याला यंत्रकारागिराचा व्यवसाय सुचविला आणि रॉबर्टने तो मान्य केला. १८७६ साली तो उल्ममधील एका कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून राहिला.

उमेदवारीची ती तीन वर्षे मात्र समाधानाची गेली नाहीत. मालकाचे उमेदवारांकडे लक्ष नसे. कामात चूक कोठे झाली, हे कोणी समजावून सांगत नसे. शिकण्याची इच्छा असलेल्या मुलाला शिकविणारा भेटू नये, याचे दुःख रॉबर्टने त्या वयात अनुभवले. ते दुःख ते पुढे कधीच विसरले नाहीत.

उमेदवारी संपल्यावर तरुण रॉबर्ट गावोगावच्या कारखान्यांत काम करीत हिंडले. काही काळ स्टुटगार्ट येथील तांत्रिक महाविद्यालयात बसून त्यांनी विद्युत्‌शास्त्राचा परिचय करून घेतला. विजेच्या दिव्यांचा तो आरंभकाळ होता. १८८४ साली ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क येथे थॉमस एडिसन यांच्या कारखान्यात त्यांनी काम केले. अमेरिकेविषयी त्यांच्या मनात मोठ्या आशा होत्या. परंतु तेथेही कायद्यापुढे गरीब आणि श्रीमंत समान नाहीत, असे त्यांना दिसून आले व त्यांची निराशा झाली. तेथून इंग्लंडमध्ये येऊन त्यांनी सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात काही दिवस नोकरी केली आणि मग ते स्वदेशी परतले.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्ट शहरात एका घराच्या मागील बाजूस त्यांनी स्वतःची कार्यशाळा उघडली. वय पंचवीस वर्षांचे, भांडवल दहा हजार मार्कांचे, मदतीला एक कारागीर आणि एक निरोप्या पोरगा, असा तो संसार होता. विजेच्या घंटा बसविणे, टेलिफोनच्या तारा जोडणे, नाजूक उपकरणे दुरुस्त करणे, असे मिळेल ते काम ते करीत. पुढे त्यांनी सायकल घेतली. त्या काळी सायकल ही शहरात नवलाची वस्तू होती. तिच्यावर बसून ते गिऱ्हाइकांच्या घरोघरी जात आणि आपल्या माणसांनी केलेले काम स्वतः डोळ्यांखालून घालीत. जे काम मनास पटले नाही, ते पुन्हा करावयास लावीत. आपल्या दुकानातून निघालेल्या वस्तूत कोणी परीक्षकाने दोष काढावा, ही कल्पनाच त्यांना असह्य वाटे.

परंतु उत्तम काम करणाऱ्याला लगेच पैसा मिळतोच असे नाही. कधी काम भरपूर असे, तर कधी हातावर हात ठेवून बसावे लागे. कर्ज वाढत गेले. आईने आणि नातलगांनी वेळोवेळी आधार दिला. १८९२ च्या सुमारास तर बहुतेक कामगारांना निरोप द्यावा लागला. घरी पत्नी आणि लहान मुले होती. अशा वेळी हलका माल वापरून स्वस्तात काम उरकण्याचा मोह एखाद्याला झाला असता. बॉश यांनी तो होऊ दिला नाही. पैसा गेला तरी चालेल, पण लोकांचा विश्वास जाता कामा नये, हे त्यांच्या व्यवहाराचे सूत्र होते आणि ते त्यांनी अडचणीच्या दिवसांतच पक्के केले.

ज्या साधनाने बॉश यांचे नाव जगभर झाले, त्याची सुरुवात एका गिऱ्हाइकाच्या मागणीतून झाली. १८८७ साली एका यंत्रोत्पादकाने त्यांना विचारले, की एका जागी बसविलेल्या वायूच्या एंजिनात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो नावाचे उपकरण तुम्ही करून द्याल काय? असे एक उपकरण जवळच्या गावी होते. बॉश स्वतः तेथे जाऊन ते पाहून आले. दुसऱ्याच्या बुद्धीचे फळ चोरून घेणे त्यांना मान्य नव्हते. त्यामुळे त्या उपकरणावर कोणाचा पेटंटहक्क नाही ना, याची त्यांनी आधी चौकशी केली. मग त्यांनी त्यात सुधारणा करून नवे उपकरण तयार केले.

ठिणगीचे महत्त्व समजण्यासाठी एंजिनाचे काम थोडे समजून घेतले पाहिजे. पेट्रोलच्या एंजिनात सिलिंडर नावाची एक पोकळ नळी असते आणि तिच्यात दट्ट्या खालीवर होत असतो. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते. दट्ट्या ते दाबतो आणि नेमक्या त्याच क्षणी ते पेटवावे लागते. मिश्रण पेटले, की तापलेले वायू दट्ट्याला जोराने ढकलतात आणि चाक फिरते. ठिणगी क्षणभर लवकर पडली तर दट्ट्याला उलटा धक्का बसतो; उशिरा पडली तर शक्ती वाया जाते; आणि पडलीच नाही, तर एंजिन थांबते. मोटारीच्या प्रारंभीच्या काळात ठिणगीचा हा प्रश्न सर्वांत अवघड मानला जाई. डाइम्लर यांच्या गाड्यांत एक नळी बाहेरून ज्योतीने लाल तापवीत आणि तिच्या उष्णतेने मिश्रण पेटवीत. पेट्रोलजवळ सतत जळती ज्योत बाळगणे किती धोक्याचे होते, हे सांगावयास नकोच. बेंझ यांच्या गाडीत विजेची ठिणगी होती. पण ती बॅटरीवर अवलंबून असे आणि बॅटरी लवकर संपे.

बॉश यांच्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नसे. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये तारेचे वेटोळे हालले, की त्या तारेत वीज निर्माण होते. एंजिन स्वतःच ते वेटोळे हालवी आणि आपली ठिणगी आपणच पाडी. मात्र हे यंत्र जड होते व ते सावकाश चालणाऱ्या एंजिनांसाठीच योग्य होते. १८९७ साली फ्रेडरिक सिम्स या गृहस्थांनी द दियाँ-बूताँ कंपनीची एक तीनचाकी मोटार बॉश यांच्याकडे आणली. तिचे एंजिन मिनिटाला सुमारे अठराशे फेरे घेई. इतक्या वेगाने जड वेटोळे मागेपुढे हालविणे शक्य नव्हते. तेव्हा बॉश यांचे सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी एक युक्ती काढली. जड वेटोळे स्थिर ठेवावे आणि त्याच्याभोवती एक हलकी धातूची नळी हालवावी, अशी ती युक्ती होती. ती सफल झाली आणि बॉश यांच्या मॅग्नेटोचा मोटारीत प्रवेश झाला.

तरीही एक अडचण उरलीच. या मॅग्नेटोच्या विजेचा दाब कमी होता. त्यामुळे ठिणगी पाडण्यासाठी सिलिंडरच्या आत दोन धातूचे तुकडे एकमेकांना लावून झटकन दूर करावे लागत. त्यासाठी दांड्या आणि खटके लागत. ते झिजत आणि बिघडत. हे सर्व काढून टाकता येईल काय, असा विचार बॉश यांच्या मनात घोळू लागला. हे काम त्यांनी गोटलोब होनोल्ड या तरुण अभियंत्यावर सोपविले. होनोल्ड हे बॉश यांच्याच जन्मगावाच्या परिसरातील. पोरवयात त्यांनी बॉश यांच्या कार्यशाळेत उमेदवारी केली होती आणि पुढे उच्च शिक्षण घेऊन ते परत आले होते. डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी आपले नवे मॅग्नेटो बॉश यांच्यापुढे ठेवले. त्यात एकाऐवजी दोन वेटोळी होती. त्यांतून निघणाऱ्या विजेचा दाब इतका मोठा होता, की ती हवेतील लहानशी फट स्वतःच ओलांडून जाई. आता सिलिंडरमध्ये हालणारे तुकडे नकोत, दांड्या नकोत. डोक्याशी पक्की बसविलेली एक छोटीशी वस्तू पुरे झाली. तीच स्पार्क प्लग होय. १९०२ साली या शोधाचे पेटंट घेण्यात आले. बॉश यांनी या यशाचे श्रेय मोकळ्या मनाने होनोल्ड यांना दिले. पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये गॉर्डन बेनेट चषकाची मोटारशर्यत झाली. तीत कामीय झेनात्झी या चालकाने मर्सिडीझ गाडी पहिली आणली. त्या गाडीत बॉश यांचे मॅग्नेटो होते. मोटारींच्या जगात बॉश हे नाव सर्वांच्या तोंडी झाले.

स्पार्क प्लग दिसावयास बोटाएवढा; पण त्याच्याइतके कठोर जीवन एंजिनातील क्वचितच एखाद्या भागाच्या वाट्याला येत असेल. त्याच्या मध्यभागी धातूची एक काडी असते. तिच्याभोवती चिनी मातीसारख्या पदार्थाचे विद्युत्‌रोधक आवरण असते आणि त्याबाहेर लोखंडी कवच असते. काडीचे टोक आणि कवचाचे टोक यांच्यामध्ये एक बारीक फट असते. त्या फटीत ठिणगी पडते. एका क्षणी प्लगच्या टोकाला जळत्या वायूची प्रचंड आच लागते, तर दुसऱ्या क्षणी थंड मिश्रणाचा झोत लागतो. असे मिनिटाला शेकडो वेळा घडते.

या प्लगचा मोठा शत्रू म्हणजे काजळी. मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त झाले, तर ते पुरते जळत नाही आणि प्लगच्या आवरणावर काळा थर बसतो. दट्ट्याची कडी झिजली असतील, तर वंगणाचे तेल वर येऊन प्लगवर जमते. काजळीतून वीज वाहू शकते. मग वीज फट ओलांडण्याचे कष्ट घेत नाही. काजळीच्या वाटेने ती कवचात निघून जाते. ठिणगी पडत नाही, एंजिन फुरफुरते, अडखळते आणि बंद पडते.

शर्यतीच्या आणि वेगवान गाड्यांत हा त्रास विशेष जाणवे. १९२० नंतरच्या दशकात अशा गाड्यांची एंजिने फार शक्तिमान झाली. भरधाव चालताना त्यांच्या सिलिंडरांत विलक्षण उष्णता निर्माण होई. ती सोसण्यासाठी उष्णता चटकन बाहेर टाकणारे प्लग लागत. पण तीच गाडी गावातून सावकाश नेली, की ते प्लग पुरेसे तापत नसत आणि काळे पडत. उलट लवकर तापणारे प्लग बसविले, तर ते गावात नीट चालत. परंतु वेग घेताच त्यांचे टोक निखाऱ्यासारखे लाल होई, ठिणगीची वाट न पाहता मिश्रण आधीच पेटे आणि प्रसंगी दट्ट्यास भोक पडे. त्यामुळे एंजिन तापेपर्यंत एक प्रकारचे प्लग वापरावयाचे आणि शर्यत सुरू होण्यापूर्वी ते काढून दुसरे बसवावयाचे, असा प्रघात पडला होता.

बॉश यांच्या कारखान्यातील अभियंत्यांनी या प्रश्नाचा चिकाटीने अभ्यास केला. प्लगचे टोक सुमारे पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापले, तर त्यावरील काजळी आपोआप जळून जाते आणि प्लग स्वतःला स्वच्छ ठेवतो. मात्र ते नऊशे अंशांच्या आसपास गेले, तर मिश्रण अवेळी पेटू लागते. या दोन मर्यादांच्या मध्ये प्लगला ठेवणे हेच खरे कौशल्य होय. आवरणाचे आतील नाक लांब ठेवले, तर उष्णता सावकाश बाहेर जाते आणि प्लग गरम राहतो. नाक आखूड केले, तर उष्णता लवकर निघून जाते आणि प्लग थंड राहतो. म्हणजे सर्व एंजिनांना चालेल असा एकच प्लग असू शकत नाही. ज्याची त्याची प्रकृती पाहून वैद्य औषध देतो, तसा एंजिनाची प्रकृती पाहून प्लग निवडला पाहिजे. १९२७ साली बॉश कंपनीने आपल्या प्लगांना उष्णतामूल्याचे आकडे दिले. आकडा जितका मोठा, तितकी उष्णता सोसण्याची प्लगची शक्ती अधिक. गाडीवाल्याला आता अंदाजाने चाचपडण्याचे कारण उरले नाही.

त्या काळच्या जुन्या वेगवान गाड्या आजही अनेक हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांचे एंजिन जुळविताना ते प्रथम प्लग काढून त्याचा रंग पाहतात. आवरण फिकट तपकिरी असेल, तर सर्व ठीक आहे. ते कोरडे काळे असेल, तर पेट्रोल जास्त होत आहे, म्हणून कार्ब्युरेटर जुळवावा लागतो. ते तेलकट ओले असेल, तर दट्ट्याची कडी तपासावी लागतात. ते पांढरे फटफटीत असेल, तर प्लग फाजील तापत आहे, असे समजावे. केवळ काळा प्लग पुसून परत बसविल्याने काम भागत नाही. तो काळा का झाला, हे शोधावे लागते. रोगाचे मूळ शोधल्याशिवाय वरवर उपचार करू नये, ही बॉश यांच्या कार्यशाळेची रीतच होती.

कारखाना वाढला, संपत्ती आली. पण बॉश यांची राहणी साधीच राहिली. उधळपट्टीचा त्यांना तिटकारा होता. एकदा कारखान्यात फिरताना जमिनीवर पडलेला कागद अडकविण्याचा चिमटा त्यांनी उचलला आणि हे काय आहे, असे जवळच्या नोकराला विचारले. चिमटा आहे, असे त्याने सांगताच, हा माझा पैसा आहे, अशी जाणीव त्यांनी त्याला करून दिली, अशी गोष्ट सांगतात. चिमट्याचा असा हिशेब ठेवणाऱ्या या गृहस्थांनी १९१० साली स्टुटगार्टच्या तांत्रिक महाविद्यालयाला दहा लाख मार्कांची देणगी दिली. कामगारांना ते चांगले वेतन देत. जर्मनीतील बहुतेक कारखान्यांत दिवसाला दहा तास काम चाले, त्या काळी, म्हणजे १९०६ साली, त्यांनी आठ तासांचा दिवस सुरू केला. आपल्या उमेदवारीच्या दिवसांची आठवण ठेवून १९१३ साली त्यांनी उमेदवारांना रीतसर शिक्षण देणारा स्वतंत्र विभाग काढला. आपल्याला जे मिळाले नाही, ते दुसऱ्या मुलांना मिळावे, हीच त्यामागील भावना होती.

त्याच वर्षी कारखान्यात संप झाला. कामगारांचे आपण हित पाहिले, तरी हा प्रसंग यावा, याचे त्यांना फार वाईट वाटले. पुढच्या वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशांतील शाखा हातच्या गेल्या. सैन्याच्या मागणीमुळे कारखान्याला मात्र मोठा नफा होऊ लागला. माणसे मरत असताना आपण श्रीमंत व्हावे, ही गोष्ट बॉश यांच्या मनाला टोचू लागली. त्या नफ्यातील मोठमोठ्या रकमा त्यांनी लोकोपयोगी कामांसाठी देऊन टाकल्या. १९२१ साली त्यांचा तरुण मुलगा रॉबर्ट दीर्घ आजाराने निवर्तला. त्याच्याकडे कारखाना सोपवावा, ही त्यांची इच्छा अपुरी राहिली. तरी ते खचले नाहीत. मोटारीचे भोंगे, काचा पुसणारे यंत्र, डीझेल एंजिनात इंधन सोडणारा पंप, अशी अनेक साधने त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडली.

त्यांच्या आयुष्याचा अखेरचा काळ कठीण होता. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. बॉश यांना युद्ध नको होते. जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात सलोखा व्हावा, यासाठी ते पूर्वीपासून झटत होते. त्यांनी आणि त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनी छळ सोसणाऱ्या अनेक ज्यू लोकांना गुप्तपणे साहाय्य केले आणि हिटलरच्या विरोधकांना आधार दिला. परंतु त्याच वेळी त्यांचा कारखाना युद्धसाहित्य तयार करीत होता आणि दुसऱ्या महायुद्धात सक्तीने आणलेल्या हजारो परदेशी माणसांना तेथे राबावे लागले. न्यायाची चाड असलेल्या माणसाच्या नावावर ही काजळीही बसली. ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

१२ मार्च १९४२ रोजी स्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांचे निधन झाले. आपल्या मृत्युपत्रात त्यांनी कारखान्याचा नफा लोककल्याणाच्या उपयोगी पडावा, अशी इच्छा नमूद केली होती. त्या इच्छेनुसार पुढे कंपनीच्या भांडवलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आला. आरोग्य, शिक्षण, शास्त्रीय संशोधन आणि राष्ट्राराष्ट्रांतील मैत्री या कार्यांसाठी त्या पैशाचा विनियोग होतो. भारतातही १९५१ साली बंगळूर येथे या कंपनीच्या सहकार्याने मायको नावाचा कारखाना स्थापन झाला आणि पुढे आपल्या महाराष्ट्रात नाशिक येथेही त्याची शाखा निघाली. त्यामुळे मायकोचा प्लग हे शब्द आपल्याकडील मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या तोंडी कित्येक वर्षे होते.

ठिणगी क्षणभरच चमकते. पण ती नेमक्या वेळी, नेमक्या जागी पडावी, यासाठी बॉश आणि त्यांचे सहकारी आयुष्यभर झिजले. प्लग स्वच्छ असला तरच ठिणगी पडते, आणि हात स्वच्छ असले तरच विश्वास टिकतो, हे ध्यानी ठेवून त्या खानावळवाल्याच्या मुलाने आपला धंदा उभारला.